हप्ता लहान, गाडी मोठी

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन. सभागृहातली प्रश्नोत्तरे जागेअभावी गाळली आहेत.)



कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मला वाटले, निवृत्त बँकवाला म्हणून "ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवी" असा काहीतरी विषय देतील. म्हणाले, "नाही, या वेळी तरुणांना बसवायचंय. गाड्यांवर बोला. त्या महागड्या गाड्या हल्ली तरुणांच्याच मागे का लागल्यात, त्यावर." मी म्हटले, माझ्याकडे तेरा वर्षांची वॅगन-आर आहे, मी काय बोलणार? तर म्हणाले, "तुम्ही लोकांच्या गाड्यांना कर्ज दिलंय ना तीस वर्षं?" ते खरे आहे. गाडी मी चालवली नाही, पण तिचे कागद पुष्कळ चाळले आहेत. तेव्हा आज जे बोलेन ते कागदाच्या बाजूने.

सुरुवात इंदूरपासूनच करतो. माणिकबाग आपण सगळ्यांनी बाहेरून पाहिली आहे. हल्ली तिथे केंद्रीय जीएसटी आणि सीमाशुल्क खात्याचे ऑफिस आहे. महागड्या गाडीवर सरकारचा सगळ्यात मोठा वाटा ज्या कराचा, त्याच खात्याची माणसे आज त्या वाड्यात बसतात. हा वाडा बांधायला घेतला १९३० साली. महाराज यशवंतराव होळकर तेव्हा बावीस वर्षांचे होते, नुकतेच ऑक्सफर्डहून येऊन पूर्ण अधिकार मिळालेले. वास्तुविशारद होता एकार्ट मुथेसियस, जर्मन, वय पंचवीस-सव्वीस. म्हणजे मालक आणि कारागीर दोघे मिळून पन्नाशीच्या आत-बाहेर! आत त्या काळच्या युरोपातले सगळ्यात नवे सामान: रूलमानचे टेबल, आयलीन ग्रेची खुर्ची, स्टीलच्या नळ्यांचे फर्निचर. आपल्या आजोबांच्या पिढीला ते दवाखान्यातल्यासारखे वाटले असणार. १९८० साली त्यातले बरेचसे मोनॅकोला लिलावात गेले आणि जगभरचे शौकीन त्यावर तुटून पडले.

या तरुण महाराजांच्या गाड्यांपैकी एक होती ड्यूसेनबर्ग. हे नाव आज कुणाला माहीत नाही, कारण कंपनी १९३७ लाच बुडाली. पण त्या दशकात अमेरिकेत याहून मोठी गाडी नव्हती. ३२ व्हॉल्व्हचे आठ सिलिंडरांचे इंजिन. सुपरचार्जर बसवला की ३२० हॉर्सपॉवर, असे कंपनी सांगे. आज आपल्या रस्त्यावर धावणाऱ्या साध्या गाडीत ८०-९० असते, त्यावरून अंदाज करा, आणि हे नव्वद वर्षांपूर्वीचे. कंपनी फक्त सांगाडा आणि इंजिन विके, त्याचेच साडेआठ हजार, पुढे साडेनऊ हजार डॉलर. वरचे शरीर गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचे. महाराजांनी ते लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतले. दोन माणसांची, लांबलचक नाकाची, उघडी गाडी; रंग काळा आणि केशरी. ती आज परदेशात आहे आणि जुन्या गाड्यांच्या पुस्तकांत तिचा फोटो हमखास असतो.

माझे आजोबा संस्थानच्या हिशेब खात्यात कारकून होते. लहानपणी आम्ही त्यांना विचारायचो, "आजोबा, महाराजांची गाडी किती जोरात जायची?" ते म्हणायचे, "मला वेग माहीत नाही. मला पेट्रोलचं बिल माहीत होतं." आमच्या घराण्यात गाडीकडे बघायची ही नजर तेव्हापासूनची आहे.

हे सगळे सांगायचे कारण असे. "तरुण श्रीमंतांना ओढायचे" ही कल्पना आजची नाही. ड्यूसेनबर्ग कंपनी ज्याने १९२६ मध्ये विकत घेतली तो एरेट कॉर्ड तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. त्याचे प्रसिद्ध गिऱ्हाईक क्लार्क गेबल आणि गॅरी कूपर, दोघे १९०१ चे, म्हणजे गाडी घेतली तेव्हा चौतिशीत. आणि त्याच्या जाहिराती कशा असत? कित्येक जाहिरातींत गाडीचे चित्रच नसे. एखादा गृहस्थ आपल्या प्रचंड ग्रंथालयात उभा आहे, किंवा शिडाच्या नौकेचे सुकाणू धरून आहे, आणि खाली एकच ओळ, की हा ड्यूसेनबर्ग चालवतो. किंमत नाही, इंजिन नाही. पण एक फरक होता. महाराजांनी काय किंवा गेबलने काय, पैसे मोजले आणि गाडी घेतली. महाराजांचे पैसे कुठून आले हे आजोबांना ठाऊक होते आणि ते फारसे बोलत नसत. पण मोजले.

आता अमेरिकेत या. १९८० च्या आसपास कॅडिलॅकची पंचाईत झाली. कॅडिलॅक म्हणजे तिकडची वजनदार, प्रतिष्ठेची गाडी, पण ती घेणारे म्हातारे होत चालले. तरुण डॉक्टर-वकील बीएमडब्ल्यू घेऊ लागले. मग कंपनीने काय केले? १९८२ च्या मॉडेलसाठी घाईघाईने एक छोटी कॅडिलॅक आणली, तिचे नाव सिमरॉन. छोटी कशी, तर त्याच जनरल मोटर्सची शेव्हरले कॅव्हेलियर नावाची स्वस्त गाडी होती, तिलाच चामड्याच्या सीट, थोडे क्रोम आणि कॅडिलॅकचा बिल्ला. किंमत मात्र कॅडिलॅकच्या बिल्ल्याची. लोक खुळे नसतात. शेजारी कॅव्हेलियर उभी असली की दोघींचे दरवाजे सारखे दिसत. सिमरॉन १९८८ पर्यंत रखडत चालली आणि बंद झाली. आजही अमेरिकेत वाईट गाड्यांच्या यादीत तिचे नाव निघते. गंमत पुढे आहे. १९९८ च्या शेवटी त्याच कंपनीने एस्कलेड नावाची अवाढव्य गाडी आणली, तीही घाईत, तीही दुसऱ्या गाडीवर बिल्ला लावून. पुढचे मॉडेल नीट केले, आणि मग गाणारे-वाजवणारे, बास्केटबॉल खेळणारे तरुण स्वतःहून तिच्यावर धावले. कुणी बोलावले नव्हते. तरुणांसाठी म्हणून बनवलेली पडली, आणि भरमसाट मोठी, वडीलधाऱ्या थाटाची गाडी तरुणांनी उचलली.

जग्वारनेही तेच केले. २००१ मध्ये फोर्डच्या मोंदेओच्या सांगाड्यावर एक्स-टाइप काढली, तरुण गिऱ्हाईक मिळेल म्हणून. २००९ मध्ये ती गेली. मधल्या काळात, २००८ मध्ये, टाटांनी जग्वार आणि लँड रोव्हर दोन्ही मिळून २३० कोटी डॉलरला घेतल्या, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांची छाती फुगली होती, माझीही. आता याच जग्वारने नोव्हेंबर २०२४ मध्ये नवा अवतार जाहीर केला. जाहिरातीत भडक कपड्यांतली तरुण मुलेमुली, आणि गाडी नाहीच! जगभर टवाळी झाली. मग डिसेंबरमध्ये मायामीला गुलाबी आणि निळ्या रंगात एक नमुना दाखवला. ब्रिटनमध्ये तर जुन्या गाड्यांची नवी विक्रीच थांबवली, म्हणजे दुकान रिकामे करून नव्या गिऱ्हाइकाची वाट बघायची. धाडस आहे हे. मी हसणार नाही, कारण ड्यूसेनबर्गच्या जाहिरातीतही गाडी नव्हती. फक्त तिथे शोरूममध्ये गाडी उभी होती.

म्हाताऱ्यांचा अपमान करून तरुण मिळतात, असाही एक समज या लोकांत आहे. अमेरिकेत ओल्ड्समोबाइल म्हणून कंपनी होती, नावातच "ओल्ड". १९८८ मध्ये त्यांनी जाहिरात काढली, की ही काही तुमच्या बापाची ओल्ड्समोबाइल नव्हे. ज्या बापांनी ती इमानाने घेतली होती त्यांना काय वाटले असेल? मुलगे आले नाहीत, बापही हळूहळू गेले. २००४ मध्ये शेवटची ओल्ड्समोबाइल निघाली. एवढा धडा समोर असताना २०२० मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या विजेवरच्या आयएक्स गाडीच्या निमित्ताने समाजमाध्यमावर लिहिले, "ओके बूमर". नातवंडे आपल्याला म्हणतात ना, "राहू दे आजोबा", तसेच ते. लोक चिडले, कंपनीने माफी मागितली. अहो, सहा सिलिंडरच्या गाडीचे पैसे कुणाच्या पेन्शनीतून येत होते इतकी वर्षे?

जमले कुणाला, तर रोल्स-रॉइसला. ही कंपनी म्हणजे आपल्या मनात संस्थानिक, फेटा आणि शोफर. पण तिच्या गिऱ्हाइकांचे सरासरी वय गेल्या दशकभरात ५६ वरून ४३ वर आले, असे तिच्याच प्रमुखांनी सांगितले. हे वय मिनीच्या गिऱ्हाइकांपेक्षाही कमी! मिनी ही त्याच बीएमडब्ल्यू घराण्यातली चिमुकली गाडी. रोल्सने काय केले? गाडी स्वस्त केली नाही. २०१३ मध्ये रेथ आणली, जी मालकाने स्वतः चालवायची. २०१६ मध्ये ब्लॅक बॅज म्हणून गाड्या काढल्या: चकचकीत क्रोमच्या जागी काळे, बॉनेटवरची ती पंख पसरलेली बाईसुद्धा काळी, इंजिनात थोडा जास्त जोर. २०१८ मध्ये कलिनन ही उंच गाडी. एवढेच. पुढच्या सीटवर मालक बसवला आणि चांदीचा चकचकाट उतरवला. बाकी माल तोच, किंमत त्याहून वर. २०१० मध्ये जगभर २,७११ गाड्या विकल्या होत्या, २०२२ मध्ये ६,०२१.

म्हणजे तरुण श्रीमंताला स्वस्तातली रोल्स नको असते. त्याला खरीच हवी असते, फक्त वडिलांसारखी दिसायला नको. इथपर्यंत सगळे ठीक, कारण तेहतीस वर्षांचा ज्याच्याकडे रोल्स घ्यायचे पैसे आहेत त्याची चिंता आपण कशाला करायची?

पण अशी माणसे किती? भारतात वर्षाला जेवढ्या मोटारी विकल्या जातात त्यांत या महाग गाड्यांचा वाटा शेकडा एकच्या आसपास. मर्सिडीजने २०२४ मध्ये १९,५६५ गाड्या विकल्या, बीएमडब्ल्यूने मिनी धरून १५,७२१. आणि इतकी वर्षे मर्सिडीजची इथली सगळ्यात खपाची गाडी कोणती? लांब केलेली ई-क्लास, जिच्यात मालक मागे पाय पसरून बसतो. जाहिरातीत स्टिअरिंगवर पोरगा, विक्रीत मागच्या सीटवर बाप! तेव्हा कंपन्यांना वाढायचे तर एका टक्क्याच्या बाहेरच्या माणसाला आत आणायला हवे. तो माणूस म्हणजे तीस-बत्तीसचा, स्वतःचा धंदा किंवा बरी नोकरी, वर्षाला वीस-पंचवीस लाख येणारा, आणि घाईतला.

ही भूक खोटी आहे असे मी म्हणत नाही. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. आम्ही बँकेत तो आकडा वाचून चहा खाली ठेवला होता. त्यांचे म्हणणे होते, आमचे शहर मागास समजतात, बघा तरी. आणि घाऊक घेतल्यामुळे गाडीवर सूट आणि कर्जावर कमी व्याज, दोन्ही मिळवले. मराठी माणसाला धंदा कळत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्यातले बहुतेक कमावते लोक होते, घासाघीस करून घेतलेली गाडी होती. त्याला मी नावे ठेवणार नाही.

मला बोलायचे आहे ते दुसऱ्याच प्रकाराबद्दल. सिमरॉनच्या वेळी कंपनीने गाडी लहान केली, ती शेजाऱ्याला दिसली आणि हसू झाले. आता गाडी पूर्ण आकाराची ठेवतात आणि हप्ता लहान करतात. हप्ता शेजाऱ्याला दिसत नाही.

हे कसे चालते ते आकड्यांत सांगतो. समजा गाडी रस्त्यावर येईपर्यंत ५० लाखांची. दहा लाख तुम्ही भरले, ४० लाख कर्ज, व्याज ९ टक्के. सरळ तीन वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला साधारण १ लाख २७ हजार. पाच वर्षांत, साधारण ८३ हजार. आता शोरूममधला मुलगा तिसरा कागद काढतो. त्यात तीन वर्षांचाच हिशेब, पण ४० पैकी २५ लाख मुद्दल शेवटी ठेवून दिलेले. हप्ता? ६६ हजार पाचशेच्या आतबाहेर. तीन वर्षे झाली की ते २५ लाख भरून गाडी ठेवा, किंवा पुन्हा कर्ज काढा, किंवा गाडी परत द्या. परतीचा भाव आजच लिहून देतो. म्हणजे जो माणूस सव्वा लाखाच्या हप्त्याला घाबरला असता, तो त्याच गाडीत निम्म्या हप्त्यात बसतो. व्याज मात्र वाढते, कारण मोठे मुद्दल तीन वर्षे तसेच पडून असते. सरळ हप्त्यात तीन वर्षांचे व्याज ५ लाख ८० हजारांच्या आसपास होते, या पद्धतीत ८ लाख ९० हजारांच्या. तीन लाखांचा फरक, आणि तोही दिसत नाही, कारण हप्ता लहान आहे.

योजना लबाडीची आहे का? नाही. सगळे कागदावर लिहिलेले असते. ज्याचा धंदा मजबूत आहे, ज्याला दर तीन वर्षांनी गाडी बदलायचीच आहे, त्याला ती सोयीची आहे. मोठ्या गाडी-कंपन्यांनी भारतात स्वतःच्या कर्ज देणाऱ्या कंपन्या काढल्या त्या काही उगाच नाहीत. गाडी परत आली की ती जुनी म्हणून पुन्हा विकता येते, आणि गिऱ्हाईक नवी गाडी घ्यायला पुन्हा दारात येते. तिशीतला एकदा या साखळीत आला की पन्नाशीपर्यंत राहील, असा हिशेब. तरुणांना ओढायचे म्हणजे हे. रंग, पडदे, गाणी, दिवे, सगळे नंतर.

आता जे सांगणार आहे ते सांगावे की नाही, हा विचार मी आठवडाभर केला. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारले. तो म्हणाला, "सांग मामा. पण नाव नको."

माझा भाचा. लग्नसमारंभांच्या व्यवस्थेचा धंदा करतो, इथेच. चांगला चालला होता. एकोणतिसाव्या वर्षी त्याने अशी गाडी घ्यायचे ठरवले. मी विचारले, कशाला? त्याने जे उत्तर दिले ते मूर्खपणाचे नव्हते. म्हणाला, "मामा, चाळीस लाखांचं लग्न ठरवायला आलेली पार्टी माझा अनुभव विचारत नाही. मी कशातून उतरलो ते बघते. मी स्विफ्टमधून उतरलो की वीस टक्के ॲडव्हान्स मागायची माझी हिंमत होत नाही, आणि त्यांची द्यायची." बहिणीला पटत नव्हते. ती म्हणाली, "दादा, तू बँकेतला आहेस, तू कागद बघ. तू हो म्हणालास तर मी काही बोलणार नाही."

मी कागद बघितले. व्याजाचा दर बघितला, ठीक होता. प्रोसेसिंग फी बघितली. मुदतीआधी फेडले तर दंड किती ते बघितले. उत्पन्नाचे तीन वर्षांचे रिटर्न बघितले. हप्ता उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसत होता. तीस वर्षे मी हेच बघत आलो. मी हो म्हणालो.

मागे एक परिशिष्ट होते, चार पानांचे, बारीक टाइपात. "परतीच्या वेळी वाहनाची स्थिती." ते मी चाळले, वाचले नाही. माझ्या काळी गाडीचे कर्ज म्हणजे गाडी आपली आणि तारण बँकेकडे. गाडी परत करायची ही कल्पनाच डोक्यात नव्हती.

त्यात लिहिले होते की तीन वर्षांत ४५ हजार किलोमीटर. पुढच्या प्रत्येक किलोमीटरला अमुक इतकी कपात. रिमवर चरे असले तर कपात. बाहेरच्या कारागिराकडून रंगकाम केले असेल तर कपात. लग्नाचा धंदा करणारा मुलगा उज्जैन, देवास, भोपाळ, महेश्वर करत फिरतो. तीन वर्षांत गाडी ६१ हजार चालली. एकदा महेश्वरच्या वाटेवर बंपर घासला, तो त्याने ओळखीच्या पेंटरकडून करून घेतला, आठ हजार वाचले म्हणून खूश होता. मधली दोन वर्षे धंदा मंद गेला. पंचवीस लाख भरणे शक्य नव्हते, पुन्हा कर्ज काढायची हिंमत नव्हती. गाडी परत द्यायला गेला. पाहणी करणारा मुलगा अगदी नम्र होता म्हणे. टॅबवर एकेक फोटो काढत गेला. शेवटी ३ लाख ४० हजारांची कपात निघाली.

ते पैसे भरण्यासाठी माझ्या बहिणीने मुदत ठेव मोडली.

हिशेब करून बघा, मी केला आहे. आधीचे दहा लाख आणि ३६ हप्ते मिळून ३४ लाख. दिवसाला तीन हजारांच्या वर. कपात, विमा, सर्व्हिसिंग वेगळे. आणि दारात गाडी नाही. बहीण मला एक शब्द बोलली नाही. खरोखरच एकही नाही. आठ महिने फोन नव्हता. राखीला तिने राखी भाच्याच्या हाती पाठवली.

भाच्याचे म्हणणे अजूनही वेगळे आहे आणि ते मला इथे सांगायलाच हवे, नाहीतर मी फक्त म्हातारपणाची कुरकूर केली असे होईल. तो म्हणतो, त्या गाडीमुळे त्याला दोन मोठी घराणी मिळाली आणि ती अजून त्याच्याकडेच येतात. "जाहिरातीवर खर्च केलाच असता ना मामा? हा जाहिरातीचाच खर्च." असेल. मी ते पैसे मोजू शकत नाही. पण जाहिरातीचा खर्च असेल तर तो धंद्याच्या खात्यातून जायला हवा होता, आईच्या ठेवीतून नव्हे, एवढे मी त्याला म्हणालो. त्यावर तो गप्प बसला. आता तो जुन्या स्विफ्टमधून फिरतो आणि ॲडव्हान्स मागतो. मिळतो, म्हणतो.

सभागृहात मागच्या रांगांत बसलेल्या मुलांना मी गाडी घेऊ नका असे सांगणार नाही. मला कोण विचारतो! घ्या. पीथमपूरला आपल्या जवळच नॅट्रॅक्सचा अकरा किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक झाला आहे, तिथे या गाड्या धावताना बघून माझ्यासुद्धा पोटात गुदगुल्या होतात. पण सही करायच्या आधी शोरूममधल्या मुलाला एक विचारा: "तीन वर्षांनी मी ही गाडी परत दिली, तर माझ्या हातात काय उरेल ते या कागदावर लिहून दे." तो हप्ता सांगेल. पुन्हा विचारा. तो नव्या गाडीबद्दल सांगेल. तिसऱ्यांदा विचारा. मग परिशिष्ट उघडा. किलोमीटरची मर्यादा शोधा आणि तुमच्या आताच्या गाडीचा मीटर बघा. त्यावरून तुमचे वर्षाचे किलोमीटर कळतात, ते खोटे बोलत नाहीत. पाहणी कोण करणार आणि ती मान्य नसेल तर दाद कुठे मागायची, तेही बघा. भाच्याच्या कागदात त्या रकान्यात कंपनीचाच माणूस होता.

आणि आई-वडिलांनो, मुलगा कागद घेऊन आला तर "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणू नका. तसे नव्हते हे खरेच आहे, म्हणूनच तर मी चुकलो.

बहीण आली परवा, गौरीच्या सामानाची यादी घेऊन. जेवली, गेली. गाडीचा विषय निघाला नाही.

मंडळाच्या कार्यालयात माझा नंबर दिलेला आहे. ज्याला असे कागद दाखवायचे असतील त्याने रविवारी सकाळी दहानंतर यावे. परिशिष्टासकट यावे. मी आता चष्म्याचा नंबर बदलून घेतला आहे.